घरच्या घरी तीस अंड्यांचं इनक्युबेटर: पेटी, वायरिंग आणि २१ दिवसांचं काम

खुडूक कोंबडी दहा-बारा अंडी नीट उबवते. त्याहून जास्त पिल्लं एकदम हवी असतील, किंवा कोंबडी कधी खुडूक होते याची वाट बघायची नसेल, तर पेटी करावी लागते. पेटी करणं अवघड नाही. थर्माकोलचा खोका, दोन बल्ब, एक पंखा आणि ठरावीक तापमानाला बल्ब चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट एवढ्यात ती उभी राहते. अवघड आहे ते आतलं तापमान खरोखर किती आहे हे कळणं. घरगुती पेटीत पिल्लं निघाली नाहीत तर लोक वायरिंग उकलत बसतात, पण दोष बहुतेक वेळा मोजमापात असतो: डिस्प्लेवर ३७.५ दिसतं आणि अंड्यांना मिळतं ३८.७. म्हणून पुढे जोडणीइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

खोका आणि आतली मांडणी

मासळी बर्फात घालून पाठवतात तो जाड थर्माकोलचा झाकणवाला खोका उत्तम. आतलं माप साधारण ५५ × ३५ सेंटिमीटर, उंची ३०, आणि भिंतीची जाडी किमान अडीच सेंटिमीटर असावी. वापरलेला खोका असेल तर साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. चिकटवायला साधा पांढरा फेव्हिकॉल वापरा. चपला चिकटवायचा पिवळसर रबरी गम, थिनर किंवा पेट्रोल थर्माकोलला लागलं की तो जागच्या जागी विरघळतो.

बल्ब अंड्यांच्या डोक्यावर टांगायची पद्धत सर्रास दिसते, पण ती चुकीची आहे. बल्बखालची अंडी भाजतात आणि कोपऱ्यातली गार राहतात. त्याऐवजी खोक्याच्या एका टोकाला १४ सेंटिमीटर सोडून पत्र्याचा उभा पडदा बसवा. पडद्यामागे बल्बचा कप्पा, पुढे अंडी. पडद्याच्या वरच्या भागात ८ सेंटिमीटरचा पंखा बसेल असं भोक कापा, आणि पडद्याच्या तळाशी ५ सेंटिमीटर उंचीची फट मोकळी ठेवा. पंखा बल्बच्या कप्प्यातली गरम हवा ओढून अंड्यांच्या वरून पलीकडच्या भिंतीपर्यंत फेकतो. ती हवा तिथून खाली वळते, जाळीखालून पाण्याच्या ट्रेवरून परत येते आणि फटीतून बल्बकडे जाते. असा फेरा नीट बसला की चारही कोपऱ्यांत तापमान सारखं राहतं, आणि ट्रेतला ओलावाही हवेसोबत सगळीकडे फिरतो.

बल्बच्या कप्प्याला आतून तिन्ही बाजूंनी आणि झाकणाखालीही पत्रा लावा. थर्माकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि पेट घेतला की विझवणं कठीण. बल्ब आणि पत्रा यांत किमान ४ सेंटिमीटर अंतर हवं.

अंड्यांसाठी तळापासून ८ सेंटिमीटरवर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवा. झाकणात १५ × २० सेंटिमीटरची काच किंवा अॅक्रिलिक असलं की वारंवार उघडावं लागत नाही. हवेसाठी बोटाएवढी, म्हणजे १० ते १२ मिलिमीटरची, चार भोकं खाली बाजूंना आणि चार वर पाडा. पहिल्या आठवड्यात निम्मी टेपने बंद ठेवली तरी चालतात. शेवटच्या चार दिवसांत आठही उघडी हवीत, कारण मोठं झालेलं पिल्लू भरपूर ऑक्सिजन घेतं.

विजेचं सामान

- ४० वॅटचे दोन फिलामेंटचे बल्ब आणि चिनी मातीचे दोन होल्डर. एलईडी चालत नाही, त्यातून पुरेशी उष्णता मिळत नाही.
- एसटीसी-१००० जातीचे दोन डिजिटल थर्मोस्टॅट, सेन्सरसह. हेच मॉडेल १२ आणि २४ व्होल्टमध्येही मिळतं, म्हणून खोक्यावर २२० व्होल्ट लिहिलेलं बघूनच घ्या.
- ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा आणि १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर.
- ७७ अंशांचा थर्मल फ्यूज, २ अँपिअरचा साधा फ्यूज, स्विच, तीन पिनांचा प्लग, ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल, स्क्रूचे कनेक्टर.
- आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर.

बल्ब ४० वॅटचेच का? अशा खोक्यातून, बाहेर १५ अंश असताना, साधारण ३० ते ३५ वॅट इतकी उष्णता सतत निसटते. बाहेर ३० अंश असताना फक्त १० वॅटच्या आसपास. म्हणजे दोन बल्ब थंडीत अर्धा वेळ पेटतात आणि एक गेला तरी दुसरा पेटी सांभाळतो. शंभराचा बल्ब लावून काही मिळत नाही. तो झटक्यात तापतो, विझल्यावरही तापमान वर चढत राहतं, आणि थर्मोस्टॅट बिघडला तर अंडी उकडतात. उन्हाळ्यात उलट एक बल्ब काढूनच ठेवा.

दोन थर्मोस्टॅट का, हा प्रश्न सगळे विचारतात. थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा आतला स्विच, दिवसातून शेकडो वेळा चालू-बंद होतो. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर नेहमीच्या दहापट करंट ओढतो, त्याने कधीतरी रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. मग डिस्प्ले बरोबर दिसतो आणि बल्ब मात्र विझत नाही. दुसरा थर्मोस्टॅट त्याच वाटेत थोड्या वरच्या तापमानाला लावला की तो बल्बची वीज तोडतो. इथे पैसे वाचवू नका.

जोडणी

२३० व्होल्टचं काम आहे आणि आत पाणी आहे. विजेचं काम सवयीचं नसेल तर जोडणी वायरमनकडून करून घ्या. घरच्या बोर्डावर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असेल त्याच लाइनवर पेटी लावा.

एसटीसी-१००० च्या मागे आठ स्क्रू असतात: १ आणि २ ला वीज, ३ आणि ४ ला सेन्सर, ५ आणि ६ हा गरम करायचा रिले, ७ आणि ८ हा थंड करायचा. वरच्या स्टिकरवर आकृती छापलेली असते, ती आधी ताडून पाहा. रिलेतून आपोआप वीज येत नाही, तो नुसता स्विच आहे. फेज आपल्याला आणून द्यावी लागते. पहिल्यांदा जोडणारे इथेच अडतात: डिस्प्ले चालू, दिवा लुकलुकतो, बल्ब मात्र पेटत नाही.

प्लगमधून आलेली फेज, म्हणजे लाल तार, आधी फ्यूज आणि मग स्विचमधून न्या. स्विचनंतर तिच्या तीन वाटा करा: एक पहिल्या थर्मोस्टॅटच्या १ ला, एक दुसऱ्याच्या १ ला, आणि एक पहिल्याच्या ५ ला. पहिल्याच्या ६ मधून निघालेली तार दुसऱ्याच्या ५ मध्ये जाते. दुसऱ्याच्या ६ मधून ती थर्मल फ्यूजमध्ये आणि तिथून दोन्ही होल्डरांकडे जाते. न्यूट्रल, म्हणजे काळी तार, दोन्ही थर्मोस्टॅटच्या २ ला आणि दोन्ही होल्डरांच्या उरलेल्या टोकांना. बल्ब पॅरलल जोडायचे, सिरीजमध्ये नाही. सिरीजमध्ये एक गेला की दोन्ही जातात. हिरवी तार पत्र्याच्या पडद्याला आणि अस्तराला नट-बोल्टने घट्ट. पंख्याचा अडॅप्टर स्विचनंतर थेट जोडा. तो कुठल्याही थर्मोस्टॅटमधून न्यायचा नाही, पंखा २१ दिवस अखंड फिरला पाहिजे.

थर्मल फ्यूज बल्बच्या कप्प्यात वरच्या पत्र्याजवळ, पण बल्बच्या थेट झोतात नाही, असा बसवा. त्याचं काम एकच: पंखा बंद पडला तर सेन्सर गार राहतो, बल्ब पेटतच राहतात आणि कप्पा तापत जातो, तेव्हा हा फ्यूज उडतो. त्याला सोल्डर करू नका, सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडतो. स्क्रू कनेक्टर वापरा.

दोन्ही थर्मोस्टॅट, फ्यूज, स्विच आणि सगळे जोड खोक्याच्या बाहेर एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. नेहमीची मऊ पीव्हीसी वायर थर्माकोलला चिकटून राहिली की काही महिन्यांत तिचं आवरण आणि थर्माकोल दोन्ही खराब होतात. भिंतीतून जाणारी प्रत्येक वायर कडक कंड्युट पाइपच्या तुकड्यातून न्या.

दोन्ही सेन्सर जाळीच्या मधोमध, अंड्यांच्या वरच्या कडेच्या उंचीला लटकवा. ते अंड्याला, जाळीला किंवा भिंतीला टेकता कामा नयेत.

सेटिंग आणि तपासणी

S बटण तीन सेकंद दाबलं की F1 (हवं ते तापमान) दिसतो. बाणांनी F2 (पेटणं आणि विझणं यांतला फरक), F4 (सेन्सरच्या चुकीची दुरुस्ती) वर जाता येतं. S दाबून धरून बाणांनी आकडा बदलायचा आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून जतन करायचा. ते बटण विसरलात तर जुनेच आकडे राहतात. पहिल्या थर्मोस्टॅटला F1 = ३७.६, F2 = ०.३. म्हणजे बल्ब ३७.३ ला पेटतो, ३७.६ ला विझतो आणि सरासरी ३७.५ च्या आसपास राहते. दुसऱ्याला F1 = ३८.६, F2 = ०.३.

आता आकडा खरा आहे का ते बघायचं. या सेन्सरमध्ये एक अंशाची चूक सहज असते, आणि एक अंश म्हणजे इथे सगळंच. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ३५ ते ४२ अंशांत फार अचूक असतो, तोच प्रमाण धरा. थर्मासमध्ये ३८ अंशांच्या आसपासचं पाणी घ्या, सेन्सर आणि थर्मामीटरची टोकं एकत्र रबरने बांधून त्यात बुडवा आणि हळूहळू ढवळा. थर्मामीटर वाजला त्या क्षणी दोन्ही आकडे लिहा. तापाचा थर्मामीटर सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक वेळी बंद करून नव्याने चालू करायचा. असं तीनदा करा. थर्मोस्टॅट ३८.४ आणि थर्मामीटर ३७.७ दाखवत असेल तर F4 मध्ये उणे ०.७ भरा. दुसऱ्या थर्मोस्टॅटचंही तसंच.

आर्द्रतेच्या मीटरची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोड्या थेंबांनी चिखलासारखं ओलं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर यापुढे त्याच्या आकड्यात ५ मिळवायचे.

मग पेटी रिकामी चालवा, पूर्ण दोन दिवस. आत एक लिटरची पाण्याने भरलेली बंद बाटली ठेवा, ती उष्णता धरून ठेवते आणि चढउतार कमी होतात. ती शेवटपर्यंत आतच राहू दे. चारही कोपऱ्यांत तापमान मोजा. कोपऱ्याकोपऱ्यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर पंख्याची दिशा थोडी वर-खाली करा किंवा तळाची फट वाढवा. दुसऱ्या थर्मोस्टॅटची परीक्षाही आताच: पहिल्याचा F1 मुद्दाम ४१ करा आणि ३८.६ ला बल्ब विझतात का ते पाहा. विझले की पहिला परत ३७.६ वर आणा. या दोन दिवसांत घाई करून अंडी भरणाऱ्यांना पुढचे एकवीस दिवस फुकट घालवावे लागतात.

अंडी

दुकानातली पोल्ट्रीची अंडी उबत नाहीत. तिथल्या कोंबड्यांसोबत कोंबडा नसतोच. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तगडा कोंबडा असलेल्या कळपातली अंडी घ्या. गिरिराज, वनराजसारख्या संकरित पक्ष्यांची अंडी उबतात, पण पिल्लं आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत. गावरान किंवा कडकनाथ असेल तर तो प्रश्न येत नाही.

अंडं सात दिवसांहून जुनं नको. साठवण १५ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली. फ्रिज फार थंड. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात ३२ अंशांत पडलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. माठात ओली वाळू घालून तिच्यावर फडक्यात ठेवलेली अंडी बरीच बरी टिकतात. अंडी धुऊ नका, कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि जंतू आत शिरतात. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फारच असेल तर ते अंडं घेऊच नका. एसटीने किंवा मोटारसायकलवरून आणलेली अंडी निमुळतं टोक खाली करून एक दिवस स्वस्थ ठेवा.

प्रत्येक अंड्याचं वजन करून ते पेन्सिलीने कवचावर लिहा. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. मार्कर वापरू नका.

फिरवणं

पहिले १८ दिवस अंडं फिरवलं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. हाताने फिरवायचं असेल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा. आकडा विषम असावा, म्हणजे रात्रीचा लांब वेळ रोज वेगळ्या बाजूवर जातो. एकदा पुढे, एकदा मागे. सतत एकाच दिशेने फिरवलं तर बलक धरून ठेवणारे दोर पिळले जातात.

झाकण न उघडता हे करायचं तर लाकडी पट्ट्यांची बिनतळाची चौकट करा, जाळीवर सरकणारी. पट्ट्यांत ५ सेंटिमीटर अंतर, सहा ओळी, एका ओळीत पाच आडवी अंडी: तीस अंडी ३४ × ३० सेंटिमीटरमध्ये बसतात. चौकटीला जोडलेली सळई भिंतीतून बाहेर काढा. अंड्याची जाडी ४ सेंटिमीटर, म्हणजे घेर साडेबारा. अर्धा फेरा व्हायला अंडं सव्वासहा सेंटिमीटर घरंगळायला हवं. पट्टीला टेकेपर्यंतची मोकळीक धरून चौकट ७ सेंटिमीटर सरकली पाहिजे. हाच दांडा सिंक्रोनस मोटर आणि टायमरने दर दोन तासांनी सरकवता येतो, पण पहिल्या खेपेला हाताने करून बघा.

ओलावा

इथे इंटरनेटवरचे आकडे महाराष्ट्रात जसेच्या तसे चालत नाहीत. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के हे लक्ष्य बरोबर आहे, पण तिथे पोहोचायची वाट गावागणिक वेगळी. डिसेंबरात पुण्याकडे खोलीत २० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३७.५ अंशांना तापल्यावर जेमतेम १४-१५ टक्क्यांवर येते. पाण्याचा मोठा ट्रे लागतो. जुलैत रत्नागिरीत खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के असेल, तर पाण्याचा थेंब न ठेवताही आत ५० टक्के मिळतात. तिथे ट्रे भरला तर पिल्लं पाण्याने फुगून कवचातच मरतात.

ओलावा पाण्याचा पृष्ठभाग किती पसरट आहे यावर ठरतो, पाणी किती खोल आहे यावर नाही. १५ × २० सेंटिमीटरच्या एका ट्रेने सुरुवात करा. कमी पडला तर त्यात स्पंज उभा करा किंवा दुसरा ट्रे ठेवा. पाणी नेहमी कोमट घाला.

मीटरपेक्षा वजनकाटा जास्त खरं बोलतो. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटायला हवं. ९०० ग्रॅमची वीस अंडी सातव्या दिवशी ८५८, चौदाव्या दिवशी ८१६ आणि अठराव्या दिवशी ७९२ ग्रॅमच्या आसपास यावीत. जास्त घटत असेल तर पाणी वाढवा, कमी घटत असेल तर काढा. मधेच काढलेल्या अंड्याचं लिहिलेलं वजन सुरुवातीच्या बेरजेतून वजा करायला विसरू नका.

सातवा दिवस, अठरावा दिवस

सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याचं भोक ठेवून अंडी बघा. गडद ठिपका आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या की जिवंत. स्वच्छ पिवळं दिसलं तर फळलेलं नाही. रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला. शेवटची दोन्ही काढून टाका. मेलेलं अंडं गॅस धरून फुटलं तर बाकीच्यांची नासाडी होते.

सोमवारी अंडी भरली असतील तर अठरावा दिवस शुक्रवार. त्या दिवशी फिरवणं बंद, चौकट बाहेर, जाळीवर खडबडीत कापड, दुसरा पाण्याचा ट्रे आत, सगळी भोकं उघडी. ट्रेवर जाळी घाला, पिल्लं त्यात बुडतात. त्यानंतर झाकण उघडायचं नाही. पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि मधे झाकण उघडलं की ओलावा जाऊन आतला पडदा पिल्लाभोवती आवळतो. मदत म्हणून कवच सोलणं बहुतेक वेळा पिल्लाच्या जिवावर येतं, कारण शिरांतलं रक्त अजून आत गेलेलं नसतं. निघालेलं पिल्लू वाळेपर्यंत आतच राहू दे. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस उपाशी राहू शकतं. मग ३५ अंशांच्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या जागेत.

लाइट गेली तर

तास-दीड तास गेली तर काही होत नाही, कोंबडीही चरायला उठते. त्याहून जास्त असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवा आणि वर गोधडी टाका, पण अठराव्या दिवसानंतर भोकं झाकू नका. गारव्याने पिल्लं उशिरा निघतात. जास्त उष्णतेने मरतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात जिथे खोलीच ४० च्या वर जाते तिथे ही पेटी लावू नका. तिला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही.

निकाल वाचणं

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच पिल्लं निघाली आणि बेंब्या उघड्या दिसल्या तर तापमान जास्त होतं. बावीस-तेविसाव्या दिवशी निघाली तर कमी. पुढच्या खेपेला F4 पुन्हा तपासा, F1 ला अंदाजाने हात लावू नका. बरीच अंडी स्वच्छ निघाली तर कोंबडा किंवा साठवण. बरीच रक्ताची कडी असतील तर पहिल्या आठवड्यातलं तापमान. पूर्ण वाढलेली पण कवचात मेलेली असतील तर एक फोडून बघा: आत पाणी आणि हवेची पोकळी लहान असेल तर ओलावा जास्त झाला, पिल्लू सुकून पडद्याला चिकटलेलं असेल तर शेवटी कमी पडला किंवा झाकण उघडलं गेलं. पाय फाकलेली पिल्लं म्हणजे तळ गुळगुळीत होता.

खेप संपली की प्लग काढा, कवचं आणि पिसं झाडा, जाळी आणि ट्रे साबणाने धुवा आणि पातळ ब्लीचच्या पाण्याने पुसा. थर्माकोल ओल्या फडक्याने पुसून उन्हात वाळवा. पंख्याच्या पात्यांवर पिसांची भुकटी बसते, ती ब्रशने काढा. पुढच्या अंड्यांआधी थर्मासमधली तापमानाची परीक्षा पुन्हा घ्या, ओलाव्यात राहून सेन्सरचा आकडा सरकतो.